सरूबाईची पहिली कवळी

दादा, तुमच्या खोलीतली वरच्या फळीवरची काचेची बरणी परवा मी खाली काढली. तुम्ही गेलात त्यानंतर मी त्या खोलीची कडीसुद्धा काढली नव्हती. शेवटी शांतावहिनीच दवाखान्यात आल्या आणि म्हणाल्या, "बाई, त्याईचं सामान तुमीच पाहा. मले त्यातलं काई समजत नाई." मग आम्ही दोघींनी फळी रिकामी केली. सुऱ्या, मेणाच्या पट्ट्या, कवळी शिजवायचे पितळेचे चार डबे, म्हणजे तुमचे फ्लास्क, पतंगाच्या कागदाचा गठ्ठा. आणि सगळ्यात मागे पाण्याने भरलेली ती बरणी. पाणी स्वच्छ होतं, म्हणजे तुम्ही ते बदलत होतात. आत वरच्या जबड्याची एक कवळी, आणि शेजारी फडक्यात गुंडाळलेला त्या जबड्याचा प्लॅस्टरचा ठसा.

कवळी मी लगेच ओळखली. ती मीच बिघडवली होती.

एवढी वर्षं तुम्ही तिला पाण्यात ठेवलीत. कवळी कोरडी पडली की वाकते, असं तुम्ही प्रत्येक पेशंटला बजावून सांगायचात. पण ही तर कुणाच्याच तोंडात जाणार नव्हती. वाया गेलेल्या कवळीचीही कुणी अशी निगा राखतं का हो? मी ती हातात घेऊन तुमच्या स्टुलावर बसले आणि वहिनींसमोर ढसाढसा रडले. वहिनींना वाटलं, तुमच्या आठवणीने रडते आहे. तेही होतंच.

मी मुंबईहून दातांची डॉक्टर होऊन बुलढाण्यात आले तेव्हा नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. माझे वडील इथल्याच कोर्टात कारकून, म्हणून गाव माझं होतं. पण दातांची डॉक्टर आणि तीही बाई म्हटल्यावर पहिले काही महिने लोक पाटी वाचायचे आणि पुढे जायचे. तुम्ही मात्र पाटी वाचून आत आलात. नागपूरला एका दंतवैद्याकडे जुन्या रबराच्या कवळ्या करून तुमचा हात बसलेला, मग अॅक्रिलिक आलं तेव्हा तेही शिकलात. "बाई, पुढं तुमी बसा, मांगच्या खोलीत मी बसतो," एवढंच बोललात. कागद नाही, करार नाही. पुढे मी दात काढायचे, मापं घ्यायचे, आणि मागे तुम्ही कवळ्या करायचात. गाव तुम्हाला मिस्त्री म्हणायचं. मी दादा म्हणायचे, कारण तुम्ही माझ्या थोरल्या भावाच्या वयाचे होतात आणि त्याच्यापेक्षा जास्त वेळा माझा राग गिळलात.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक. डिग्री नवीकोरी होती आणि डोक्यात हवा होती. पहिल्याच आठवड्यात मी पाहिलं, तुम्ही सकाळी फ्लास्क पाण्याच्या पातेल्यात ठेवलात, खाली पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, जेमतेम विस्तव, आणि दिवसभर त्या पाण्याला उकळी फुटू दिली नाहीत. मी म्हणाले, "अहो, तासाभराचं काम आहे हे. उकळा आणि मोकळे व्हा. कॉलेजात आम्ही तसंच करायचो."

"उकळू नाई, बाई."

"का?"

तुम्ही विस्तवातली एक काडी मागे ओढलीत. "उकळलं का ते रुसते."

मला हसू आलं. अॅक्रिलिक म्हणजे काय घरची सून आहे रुसायला? मी तुमच्यासमोरच हसले. तुम्ही पाण्यात बोट टेकवलंत आणि लगेच उचललंत. तुमचं माप तेवढंच: बोट टेकवता यावं, ठेवता येऊ नये. मी माझं मुंबईहून आणलेलं थर्मामीटर आणून पाण्यात बुडवलं. पारा उकळीच्या बराच खाली एका रेषेवर होता. दुपारी पुन्हा बुडवलं, तीच रेष. संध्याकाळी पुन्हा, तीच. नळीकडे बघताना माझ्या अंगावर काटा आला, हे मी तेव्हा सांगितलं नाही. नुसतं "ठीक आहे" म्हणाले आणि पुढच्या खोलीत जाऊन बसले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तुम्ही तो फ्लास्क उघडला नाहीत. विस्तव काढून टाकला, झाकण ठेवलं, त्याच्याच पाण्यात त्याला निवू दिलं.

प्रत्येक मापाचे तुम्ही दोन ठसे ओतायचात. एक फ्लास्कात जायचा, दुसरा तपासणीला राहायचा. तयार झालेली कवळी त्या दुसऱ्या ठशावर बसवायचात आणि टाळूच्या मागच्या कडेखाली पतंगाचा कागद सरकवून पाहायचात. कागद अडला तर कवळी खरी. गेला तर, कितीही चकाकत असली तरी, परत. हे मला कोणत्याही कॉलेजात कुणी दाखवलं नव्हतं. त्याहून एक गोष्ट मी बरेच दिवस बघत राहिले. कवळी शिजवण्याआधीच तुम्ही ठशाच्या त्या मागच्या कडेला सुरीने एक बारीकशी खाच खरवडायचात, कुणाला जरा खोल, कुणाला नुसती ओरखड्याएवढी. मी विचारलं तर म्हणालात, "उद्या हे आखडनार हाय. म्हणून आजच त्याले थोडं जास्त देऊन ठेवतो." जे अजून झालेलंच नाही त्याची जागा तुमची सुरी आदल्या दिवशी करून ठेवत होती. मी तोवर मोठमोठे सर्जन जवळून पाहिले होते, दादा. पण असा हात पाहिला नव्हता.

तरी भांडण सुरूच राहिलं. मी म्हणायचे, कारण सांगा. तुम्ही म्हणायचात, "काऊन ते मले सांगता येत नाई, पन नको." आणि ज्याचं कारण सांगता येत नाही ते मी मानायचं कशाला, असा माझा तोरा होता.

मग सरूबाई आली.

संग्रामपूरकडच्या एका खेड्यातली सुईण, सत्तरीची, तोंडात एक दात नाही. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "मले खायाले नाई पाह्यजेत दात. मले साक्ष द्याची हाय." तिच्या गावात गोदावरी नावाची एक बाई विधवा झाली होती. दीर म्हणत होते की तिची मुलगी तिच्या पोटची नाहीच, कुठून तरी आणलेली आहे. बाळंतपणाच्या वेळी खोलीत असलेल्यांपैकी एकटी सरूबाई जिवंत होती. मागच्या तारखेला ती बोलली तेव्हा समोरच्या वकिलाने हात कानामागे धरला आणि म्हणाला, साहेब, बाई काय म्हणते ते कुणाला कळत असेल तर सांगावं. कोर्ट हसलं. माझे वडील तिथेच होते. घरी येऊन ते त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

माप झालं, मेणातले दात लावून पाहणं झालं, पण मुंबईहून रेल्वेने मलकापूरला यायचं पावडरचं पार्सल अडकलं. ते हाती आलं तेव्हा तारखेला एकच दिवस राहिला होता. सकाळी तुम्ही फ्लास्क भरलात, आणि तेवढ्यात जळगाव जामोदहून निरोप आला की तुमच्या मेहुण्यांचं काही खरं नाही. तुम्ही पिशवी उचललीत. जाता जाता मला सांगितलंत, "बाई, दिवसभर असाच विस्तव ठेवजा. उकळू देऊ नका. सकाळपर्यंत उघडू नका. मी पयल्या गाडीनं येतो, मीच उघडीन. अकराच्या आत सरूबाईच्या तोंडात दात राह्यतीन."

हे सगळं जमण्यासारखं होतं. नुसतं थांबायचं होतं.

पण सरूबाई भाचीच्या घरून येऊन पुढच्या बाकावर बसली होती. दर थोड्या वेळाने विचारायची, "झाले का वं माय? मले थोडं बोलून पाहाचं होतं." आणि माझ्या डोक्यात आलं, पहिली गाडी घाटात बंद पडली तर? तुम्ही अडकलात तर? मग हिचं काय? असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मला हेही दाखवायचं होतं की तासाभरात होतं. तुम्ही परत याल आणि कवळी तिच्या तोंडात बघाल, तेव्हा तुमचा चेहरा कसा होईल, हे मी मनात बघूनसुद्धा ठेवलं होतं.

मी स्टोव्ह पेटवला. तासभर खळखळ उकळू दिलं. मग फ्लास्क चिमट्याने उचलून घागरीतल्या गार पाण्यात सोडला. चर्र आवाज आला. उघडला, आतलं प्लॅस्टर फोडलं, कवळी काढली, घासली, चकाकवली. दाढांमागच्या जाड भागात पांढरे बारीक ठिपके दिसले. मला वाटलं, प्लॅस्टर लागलं असेल. पतंगाचा कागद समोर फळीवर होता. मी तो घेतला नाही.

सरूबाईच्या तोंडात कवळी बसली आणि तिने आरशात पाहून तोंडावर हात ठेवला. बाकावर बसून घटकाभर हळूहळू बोलत राहिली, नावं घेत राहिली. मी खूश होते.

दुसऱ्या दिवशी कोर्टात मी वडिलांच्या टेबलाजवळ उभी होते. सरूबाईचं नाव पुकारलं. ती उभी राहिली, तिने शपथ घेतली, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलायला तोंड उघडलं, आणि वरची कवळी सुटून तिच्या ओच्यात पडली. तिने ती उचलून परत लावली. पुन्हा पडली. मग तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. वकील हसले, लोक हसले, कुणी तरी शीळ घातली. साहेबांनी दटावलं आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली.

बाहेर व्हरांड्यात आम्ही आलो तेव्हा तुम्ही पहिल्या एस.टी.तून उतरून, दवाखान्यात उघडलेला फ्लास्क पाहून, धावत आला होतात. खांद्यावर धूळ, हातात तीच पिशवी. गोदावरीचा भाऊ तुमच्या अंगावर गेला. "मिस्त्री, काय कच्चं काम केलं बे हे? माह्या भाचीचं नाव चाललं होतं तिथं!" तुम्ही सरूबाईच्या हातातून कवळी घेतली, उजेडात धरली, ते पांढरे ठिपके पाहिले. मग एकदा माझ्याकडे पाहिलंत. त्या नजरेत राग असता तर मी कदाचित बोलले असते. राग नव्हता. तुम्ही त्याला म्हणालात, "हाव. घाई झाली. चूक माही हाय. पंधरा दिवसांत दुसरी देतो."

आणि मी गप्प राहिले. लोकांनाही ते लगेच पटलं. डॉक्टरीणबाईकडून चूक झाली हे पटायला त्यांना वेळ लागला असता. तुमच्या वस्तीतल्या मिस्त्रीकडून झाली हे पटायला लागला नाही. का, ते तुम्हाला आणि मला दोघांनाही ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी गप्प राहिले, हे जास्त वाईट.

तुमचे मेहुणे त्याच पहाटे गेले होते, हे मला चार दिवसांनी वहिनींकडून कळलं. अंत्ययात्रा निघायच्या आधी तुम्ही गाडीत बसला होतात, शब्द दिला होता म्हणून.

दुसरी कवळी तुम्ही केलीत तेव्हा मी सबंध दिवस त्या पातेल्याजवळ बसले. मधून मधून बोट टेकवायचात. सकाळी फ्लास्क उघडला, कवळी ठशावर बसवलीत आणि कागदाचा तुकडा माझ्या हातात दिलात. मी सरकवायला गेले. कागद कडेलाच दुमडला. सरूबाईच्या टाळूला लावताना चप असा बारीक आवाज झाला, आणि मी दोन बोटांनी ओढून पाहिली तर तिचं डोकंच पुढे आलं, कवळी सुटली नाही.

पुढची तारीख मी मरेपर्यंत विसरणार नाही. तोच वकील पुन्हा कानामागे हात धरून उभा. सरूबाईने त्याच्याकडे पाहिलंच नाही, साहेबांकडे पाहिलं. "हे पोरगी माह्या या हातात आली. पायाळू होती. मीच नाळ कापली. गोदीच्या पोटची हाय, अन् मी खोटं बोलत असन तं माह्या हाताले कीड पडो." एकेक अक्षर खणखणीत. मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्यालाही ऐकू गेलं. उलटतपासणीत तिला घुमवून घुमवून विचारलं, ती चिडली, ओरडली, एकदा तर हसली. कवळी हलली नाही. वकिलाचा हात कधी खाली आला ते त्यालाही कळलं नसेल. मी तुम्हाला शोधलं. तुम्ही दाराबाहेर उभे होतात, मान खाली, नुसते ऐकत. मूठभर गुलाबी पावडर, दोन चमचे द्रव आणि एक दिवसाचा धीर, एवढ्यावर एका मुलीचं नाव उभं राहिलं होतं. मुलीला तिची आई कोर्टानेही दिली.

नंतर मी काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुकडे शिजवले, काही उकळून, काही तुमच्या पद्धतीने. करवतीने कापले, भिंगाखाली पाहिले, पुस्तकं मागवली. आणि एक दिवस मोठ्या ऐटीत तुम्हाला सांगायला आले की तुमचंच बरोबर आहे. जणू तो शोध माझा होता. तुम्ही म्हणालात, "असं हाय का," आणि चहा पाजलात. कारण काय, ते मी तेव्हाही नीट उलगडून सांगितलं नाही. सांगायला लागले असते तर सरूबाईपर्यंत आले असते. म्हणून आकडे सांगितले आणि उठले.

आता ठशाचं. तुम्ही प्रत्येक ठशाच्या बुडावर खिळ्याने पेशंटचं नाव कोरायचात. अक्षरं तुम्ही मोठेपणी शिकलात, वस्तीतल्या रात्रशाळेत, म्हणून ती सगळी सुटी सुटी उभी असतात. परवा मी फडकं सोडलं आणि ठसा उलटा केला. मला वाटलं होतं, नुसतं नाव असेल. किंवा माझं नाव असेल, आणि ते योग्यच झालं असतं. तिथे लिहिलं होतं: "सरूबाई. उकळली. काऊन नको ते बाईले सांगता आलं नाई."

दादा, मला इतकी वर्षं वाटत होतं की तुम्ही त्या व्हरांड्यात माझी लाज राखायला खोटं बोललात. तुम्ही खोटं बोललाच नव्हतात. तुम्हाला खरंच वाटत होतं की चूक तुमची. मी ऐकलं नाही याचा दोष तुम्ही मला दिला नाहीत. मला कळेल असं सांगता आलं नाही, हा दोष स्वतःकडे घेतलात, तो प्लॅस्टरवर कोरलात, आणि ती कवळी कधी विसरू नये म्हणून पाण्यात जपून ठेवलीत. इतकं मोठं माणूस माझ्या मागच्या खोलीत बसत होतं आणि मी पुढे बसून स्वतःला डॉक्टर म्हणवत होते.

काल तुमच्या वस्तीत, विहाराच्या पत्र्याखाली सगळे जमले. वंदना झाली. मग लोक तुमच्याबद्दल बोलायला उठले. सरूबाई आली होती, हो, ऐंशी ओलांडलेली, तीन गाड्या बदलून, काठी टेकत. तुम्ही केलेली ती दुसरी कवळी तोंडात. ती म्हणाली, "मिस्त्रीनं एकडाव घाई केली, माही फजिती झाली कोर्टात. पन देवमाणूस होता, लगेच सुधारली चूक." माणसं माना हलवत होती. प्रेमानेच हलवत होती. आणि मला दिसलं की तुम्ही गेलात तरी ती चूक इथेच राहणार, तुमच्या नावावर, प्रेमाने सांगितली जाणारी.

मी उभी राहिले. पिशवीतून ती कवळी काढली आणि सगळ्यांसमोर धरली. "ही कवळी दादांनी बिघडवली नाही. ते गावाला गेले होते. उकळू नका म्हणून सांगून गेले होते. मी उकळली. त्या दिवशी व्हरांड्यात मी गप्प राहिले. चूक माझी होती."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. सरूबाई काठी टेकत माझ्यासमोर आली. मग म्हणाली, "आता सांगून राह्यली तू? त्याच्या मांगं?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "त्याच्या तोंडावर सांगाचं होतं वं, बाई. त्याले बरं वाटलं असतं." एवढंच. तिने मला माफ केलं की नाही, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

तर तोंडावर सांगायचं राहिलेलं इथे सांगते. चूक मी केली, दादा. आणि तुम्हाला जे सांगता आलं नाही, ते काऊन, तेही ऐका. पावडर आणि द्रव एक होताना तो लगदा आतून आपोआप तापतो. बाहेरचं पाणी उकळतं असेल तर आतली आच त्याच्याही वर जाते आणि न मुरलेला द्रव उकळून बुडबुडे धरतो. ते पांढरे ठिपके तेच. आणि गरम फ्लास्क एकदम गार पाण्यात टाकला की कडा आधी आकसतात, मधला भाग मागाहून. प्लॅस्टरने आवळलेली असते तोवर कवळी ती ओढ सोसते. बाहेर काढली की ओढ सुटते, कवळी वाकते, टाळूपासून मागच्या कडेला उचलली जाते, आणि तिथून हवा शिरते. तुम्ही याला रुसणं म्हणायचात. मला तुमच्याहून चांगला शब्द सापडलेला नाही.

आज सकाळी मी एक फ्लास्क पातेल्यात ठेवला. मोताळ्याच्या एका आजोबांची कवळी आहे. पऱ्हाटीचा विस्तव मीच केला, धुराने डोळे चुरचुरले. थर्मामीटर खिळ्याला टांगून ठेवलं आहे. आज बोट टेकवून पाहिलं. दुपारी आजोबांची सून आली, घाईत होती, संध्याकाळच्या गाडीने परत जायचं म्हणाली. "आज नाई का देता येत, बाई? उद्या काऊन?"

माझ्या तोंडावर आलं होतं, नको म्हटलं ना! मग मी तुमचं स्टूल ओढलं, तिला बसवलं, आणि काऊन ते सगळं, तिला समजेपर्यंत सांगितलं.